मागचं बिऱ्हाड

कमळाबाई माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याचं गाठोडं बघायची. ही तिची खोड लहानपणापासूनची. बाप मेंढरामागं हिंडणारा. पोरीचं सगळं बाळपण घोड्याच्या पाठीवर लादलेल्या संसाराच्या मागं चालण्यात गेलेलं. आज ह्या रानात, परवा त्या. बिऱ्हाड सोडायचं, बिऱ्हाड बांधायचं. गाठ सैल आहे का घट्ट, ओझं मधोमध बसलंय का एका अंगाला कललंय, एवढ्यावरून ती माणसाचा स्वभाव सांगायची. हैबतीला तिनं नवरा म्हणून पसंत केलं तेसुद्धा त्याच्या घोड्यावरच्या गाठी बघून. त्या गाठी आपण नाही, आपल्या थोरल्या भावानं मारल्या होत्या, ही गोष्ट हैबतीनं लेक कॉलेजात जाईपर्यंत पोटात ठेवली.

अशी बाई सामान हलवायच्या धंद्यात पडली तर त्यात नवल ते काय. आधी भाड्याचा टेम्पो, मग स्वतःचा, मग दुसरा. कामथडीला हायवेच्या अंगाला पत्र्याची शेड. लेक प्रगती बी.कॉम. झाली आणि तिनं धंद्याला नाव दिलं, बिऱ्हाड मूव्हर्स. टेम्पोच्या मागं मात्र कमळाबाईनं आपल्या मनानं रंगवून घेतलं होतं, 'जरा दमानं, आत कुणाचा तरी संसार हाय.' पेंटर म्हणाला, "मावशी, 'हाय' नको, 'आहे' करू." ती म्हणाली, "टेम्पो माझा का तुझा?" पेंटरनं गुमान ब्रश बुडवला.

तर ह्या बिऱ्हाड मूव्हर्सला यंदा असं काम मिळालं की कमळाबाईच्या पायाला भिंगरी लागली. भोरच्या बाजारपेठेत डॉक्टर मैथिलीबाईंचा हाडांचा दवाखाना होता, दोन मजले, अरुंद जिना. तो सगळाच्या सगळा गावाबाहेरच्या नव्या इमारतीत न्यायचा. खाटा, कपाटं, ऑपरेशनचं टेबल, वजनं लोंबणाऱ्या त्या फ्रॅक्चरवाल्या खाटा, आणि क्ष-किरणांच्या खोलीचं शिशाचं दार. रविवारी सकाळी नव्या जागेत पूजा. भोरातले निम्मे वकील, मास्तर, बँकवाले पूजेला येणार. म्हणजे निम्म्या भोरानं बघायचं की कामथडीची कमळाबाई काय चीज आहे. ती दिवसातून चारदा प्रगतीला म्हणायची, "एक काचबी फुटता कामा न्हाई. फुटली तर म्या फुटंन."

आणि नेमकं त्याच आठवड्यात वाडीवर लग्न निघालं. वाडी वर वेल्ह्याच्या डोंगरात, कमळाबाईच्या सासरची. उचलायची सगळी पोरं तिथली, भावकीतलीच. नवरदेव रोहिदास, म्हणजे टोळीतला सगळ्यात तगडा गडी, एकटा फ्रिज खांद्यावर घेऊन जिना उतरणारा. तो बोहल्यावर, बाकीचे त्याच्या हळदीत. कमळाबाईनं फोन केला तर रोहिदास म्हणाला, "काकी, तारीख बदलू का?" म्हणाला खरा, पण मागं त्याची आई ठकुबाई जे बोलली ते ऐकून कमळाबाईनं घाईघाईनं फोन ठेवला.

मग गोरख आला. मजूर पुरवणारा मुकादम, पांढरा शर्ट, पांढरी जीप, जिभेवर खडीसाखर. "अक्का, आठ गडी देतो. मुक्यानं काम करतील. चहासुद्धा मागणार न्हाईत."

चहा न मागणारा हमाल कमळाबाईनं जन्मात बघितला नव्हता. पण गरज होती, आणि गरजू माणूस चांगल्या गोष्टीवर लवकर विश्वास ठेवतो.

प्रगतीनं मात्र आठवण करून दिली. पुण्याची एक मोठी मूव्हर्स कंपनी ह्यांना अधूनमधून कामं द्यायची, आणि तिनं मागच्या उन्हाळ्यात सगळ्या छोट्या टेम्पोवाल्यांना बोलवून एका ताईंचं व्याख्यान ठेवलं होतं. विषय होता आधुनिक गुलामगिरी. ताई म्हणाल्या, माणूस कुठून आला, त्याला कुणी आणलं, त्याचं आधारकार्ड, त्याचा मोबाईल कुणाच्या ताब्यात आहे, हे विचारल्याशिवाय कुणालाही कामाला लावू नका. हैबती मागच्या रांगेतून म्हणाला होता, "वेठबिगारी म्हणा की सरळ. आज्याला म्हाईत हुती ती." जेवण चांगलं होतं. कमळाबाईला व्याख्यानातलं जिलेबीपर्यंतचं आठवत होतं.

प्रगतीला पुढचंही आठवत होतं. शुक्रवारी सकाळी शेडपुढं आठ जण जीपमधून उतरले तशी तिनं त्यांना विचारलं, "दादा, तुम्ही सगळे आपल्या मर्जीनं आलात ना? काही अडचण नाही ना?"

आठही जण म्हणाले, "न्हाई, ताई."

विचारलं ते बरोबरच होतं. फक्त गोरख शेजारी उभा राहून दात कोरत होता.

आणि आठही माणसं मोकळ्या हातांनी उतरली होती. ना पिशवी, ना वळकटी, ना गाठोडं. लांबच्या मुलखातली, पार नांदेडच्या पलीकडची माणसं, आणि हातात साधा डबासुद्धा नाही. हे कमळाबाईला तरी खटकायलाच पाहिजे होतं. पण तिच्या माहेरची रीत आडवी आली. मेंढरं हलतात तेव्हा गडीमाणसं पुढं निघतात, हातात काठी नि खांद्यावर घोंगडं, एवढंच. बायका मागून घोडी, पोरं, कोंबड्या, भांडीकुंडी असं सगळं घेऊन येतात. मागचं बिऱ्हाड म्हणतात त्याला. मोकळा गडी दिसला की समजायचं, मागं कुणीतरी ओझं घेऊन चालतंय.

"प्रगते," ती म्हणाली, "भाकरी जास्त टाक. ह्यांच्या बाया मागनं येतायत. दमून येतील."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? दिसतंय की."

शुक्रवारचं काम असं झालं की कमळाबाईला नाचावंसं वाटलं. आठ माणसं म्हणजे आठ वारे. खाटा जिन्यातून अशा उतरल्या की भिंतीच्या रंगाला खरचटलंही नाही. डॉक्टर मैथिलीबाई वरच्या पायरीवर उभ्या राहून श्वास रोखून बघत होत्या. "कमळाबाई, माझ्या सर्जरीलासुद्धा एवढी शांतता नसते हो," असं म्हणाल्या. कमळाबाई फुगून टम्म झाली.

संध्याकाळ झाली. बाया काही आल्या नाहीत. कमळाबाईनं भाकरी फडक्यात बांधून ठेवल्या. हैबती म्हणाला, "बिऱ्हाड वाट चुकलं वाटतं," आणि त्यातल्या दोन भाकरी ठेच्याबरोबर हळूच लंपास केल्या.

शनिवारी सकाळी पुन्हा तेच. आठ जण, मोकळे हात, कालचेच कपडे. आता उरलं होतं ते निम्मं आणि अवघड. कमळाबाई गेनू नावाच्या गड्याबरोबर एका खाटेची चाकं दोरानं आवळत होती. चाळिशीचा, हडकुळा, डोळे खाली. त्यानं दोराला पीळ दिला, गाठ मारली आणि वरून तळहातानं दोनदा थोपटली, लेकराला थोपटावं तशी.

कमळाबाई बघत राहिली. ती थोपटणी तिला ओळखीची होती. जो आपलं स्वतःचं बिऱ्हाड बांधत आला तोच गाठ अशी थोपटतो. भाड्याच्या सामानाला कुणी थोपटत नाही. असा माणूस बिनगाठोड्याचा कसा?

"काय रं," तिनं विचारलं, "तुमचं मागचं बिऱ्हाड कुठवर आलं? म्या काल भाकरी करून बसले."

गेनूनं तिच्या खांद्यावरून मागं बघितलं, उत्तर जणू दुसऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. दारात गोरख उभा होता.

"येतंय, येतंय, अक्का," गोरख म्हणाला.

"म्या ह्याला इच्यारलं."

"तो काय सांगनार? लाजाळू गडी हाय. आन् आज चारला मोकळे करा बरं का. रात्रीच्या मुक्कामाला घाटाखाली न्यायचीत माणसं. दुसरं काम लागलंय."

कमळाबाईनं मनात हिशोब घातला. चार वाजता निघणारी माणसं, आणि मागून येणाऱ्या बाया. मग त्या बाया कुठं जायच्या? कामथडीला?

तिनं इकडं तिकडं बघितलं. गोरख सावलीसारखा चिकटलेला. दोन दिवसांत तो एकदाही हमालांपासून दहा हात लांब गेला नव्हता. तिला वाटलं होतं, केवढा कामसू मुकादम. फक्त एका ठिकाणी तो येत नव्हता. क्ष-किरणांची खोली. यंत्र कंपनीच्या माणसानं गुरुवारीच सोडवून नेलं होतं, आत रिकाम्या भिंती नि एक स्टूल, पण दारावरची ती पिवळी खूण बघून गोरख काल म्हणाला होता, "म्या न्हाई येत. किरण भिंतीत मुरल्यालं असतंय. माणूस आतनं नासतो."

"गेनू," कमळाबाई मोठ्यानं म्हणाली, "चल, त्या शिशाच्या दाराचं माप घिऊ."

ती त्याला घेऊन आत गेली आणि दार लोटून दिलं. जड दार, सुस्कारा टाकून बसलं. बाहेरचा एकही आवाज आत येईना.

"आता बोल. हितं भिंतीलाबी कान न्हाईत. शिसं हाय."

गेनू हळूच म्हणाला, "बाया न्हाईत मावशी. बाया घरी. आमच्या मागं कुणी न्हाई."

"मग गाठोडी?"

"त्याच्या खोलीत. शिवऱ्याच्या अंगाला शेड हाय त्याचं. आल्या दिशी म्हणला, गाठोडी ठिवा, चोरी हुती. कार्डं ठिवा, हरवतात. मोबाईल ठिवा, कामात ध्यान ऱ्हात न्हाई. काम झालं की देतो. काम झालं, तर म्हणला, उचल फिटली न्हाई. मग दुसरं काम. मग तिसरं. एक जण पळाला हुता, त्याच्या गावाकडं जाऊन त्याच्या भावाला..." तो थांबला. "रातचं भायेरनं कडी घालतो. आमी पोत्यावर झोपतो. माज्या बायकोनं वाकळ शिवून दिलती. तिच्या लुगड्याची. ती बी तितंच."

कमळाबाई स्टुलावर बसली. दोन दिवस ती ह्या माणसांच्या शांतपणावर फुगत होती. शांत कसली? तोंडं बांधलेली होती ती, आणि गाठ तिला, कमळाबाईला, ओळखता आली नव्हती.

पण बसून राहणं तिच्या अंगात नव्हतं. उठली.

"हे बघ. आमचा धंदा सामान हलवायचा. आन् आमचा एक नेम हाय, सामानाच्या मालकानं आपल्या तोंडानं सांगितल्याबिगर आमी काडीला हात लावत न्हाई. तू सांगितलंस तर म्या पुढं हुते. न्हाई सांगितलंस तर तुझ्या नावानं एक शब्द भायेर जायचा न्हाई. तुझं भ्या म्या न्हाई वागवत, तू वागवतोस."

बाहेरून गोरखनं दारावर थाप मारली असावी. शिशातून ती उंदरानं खरवडल्यासारखी ऐकू आली.

"माजं गाठोडं हाय," गेनू म्हणाला. "हलवायचंय."

"कुठनं कुठं?"

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "त्याच्या खोलीतनं. माज्या हातात."

"घेतलं बुकिंग," कमळाबाई म्हणाली.

बाहेर आली ती माप ओरडतच. "प्रगते, तीन फूट आन् वर चार बोटं!" गोरखला वाटलं दाराचं. प्रगतीला आईचा आवाज कळला. आई घाबरली किंवा चिडली की आकडे ओरडते, हे घरात सगळ्यांना ठाऊक. ती खाली आली. माय-लेकी डॉक्टरबाईंच्या केबिनमध्ये शिरल्या, हैबतीला बाहेर गोरखजवळ तंबाखू मळायला बसवून.

कमळाबाईनं सगळं सांगितलं. एका दमात, मधे पाणीसुद्धा न पिता. शेवटी म्हणाली, "बाई, ही माणसं आता तुमची एकबी खाट उचलणार न्हाईत. उचलली तर पाप तुमच्या नव्या दवाखान्यात जाईल. उद्याच्या पूजेला निम्मा दवाखाना हितंच ऱ्हाईल, आन् माझं नाव भोरात बुडंल. पण चारला तो त्यांना घाटाखाली घालवणार. मग कुठनं हुडकायचं?"

पूजेची पत्रिका टेबलावर होती. मैथिलीबाईंनी ती उगाच सरळ केली, पुन्हा वाकडी केली. "तीनशे लोकांना बोलावलंय हो, कमळाबाई."

"व्हय."

"काल मी ह्यांचं कौतुक केलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "नायब तहसीलदार आरती मॅडम. त्यांच्या आईचा गुडघा मीच केलाय. आज सुट्टी आहे, पण फोन घेतील." आणि त्यांनी फोन उचललासुद्धा. इकडं प्रगतीनं पोलिसांना लावला, व्याख्यानातली ताई जसं सांगत होती तसं, ठिकाण, माणसं किती, कुणाच्या ताब्यात, घाई कशाची. पोरीचा आवाज जरासुद्धा हलला नाही. कमळाबाईला वाटलं, आपण जिलेबीत असताना हिनं बरंच काही खाल्लं होतं.

आता सगळं भरभर झालं. आरती मॅडम निघाल्या. पोलिसांची गाडी नसरापूरकडून निघाली. पण गोरख काही दुधखुळा नव्हता. केबिनचं दार बंद, बाया आत, हैबती तंबाखू मळतोय तो मळतोयच. त्याला वास आला. त्यानं शीळ घातली आणि म्हणाला, "चला रं, गाडीत बसा."

सात जण जीपकडं वळले. गेनू जागचा हलला नाही. त्यानं खाली ठेवलेला दोर उचलला, खांद्यावर टाकला आणि जाऊन बसला हैबतीच्या टेम्पोत. पुढं, ड्रायव्हरशेजारी. सात जणांनी एकमेकांकडं बघितलं. मग एक वळला, मग दुसरा, आणि टेम्पोचा हौदा भरून गेला.

"ए," गोरख ओरडला, "कुठं निगाला?"

"गिऱ्हाईक हायेत माझे," कमळाबाई पायरीवर चढता चढता म्हणाली. "सामान हलवायचंय त्यांना. अवो, हाणा."

हैबती आयुष्यात कधी गाडी हाणत नसे. आत कुणाचा तरी संसार असतो ना. पण त्या दिवशी भोर ते कामथडी त्यानं असा टेम्पो काढला की मागं फक्त धुरळा आणि गोरखची जीप. कमळाबाई एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातानं पदर सावरत होती, आणि मनातल्या मनात देवाला सांगत होती की घाबरायचं काम नंतर करीन, आत्ता हसू येतंय ते येऊ दे. कारण मागं हौद्यात ती मुकी माणसं बोलायला लागली होती. सगळी एकदमच. एक म्हणत होता डावीकडं घ्या, दुसरा म्हणत होता पुढच्या पुलापासून. प्रगती तेच फोनवर पोलिसांना सांगत होती. त्यांना रस्ता पाठ होता. जीपच्या ताडपत्रीच्या फटीतून दोन महिने बघितलेला.

शिवऱ्याच्या अलीकडं, हायवेपासून आत, उसाच्या आडोशाला शेड. बाजूला सिमेंटची एक खोली, लोखंडी दार, दाराला मुठीएवढं कुलूप. हैबतीनं टेम्पो उलटा घेतला आणि फाटकात असा आडवा लावला की पुढं जीप घुसायला काय, सायकल शिरायलासुद्धा जागा नाही.

गोरख उतरून धावत आला. "अक्का, हे बरं न्हाई. धंद्यातनं उठशील. ही माझी माणसं हायेत, म्या पैसं मोजल्यात."

"पुन्हा एकदा सांगता?" मागून आवाज आला. आरती मॅडम पोलिसांच्या गाडीतून उतरत होत्या. साडी घरातली, पायांत घरातल्याच चपला, हातात मोबाईल. "कुणाची माणसं म्हणालात?"

गोरखच्या जिभेवरची खडीसाखर एकदम विरघळली. "माझी म्हंजी... माझ्याकडं कामाला, मॅडम. खुशीनं हायेत. इच्यारा की."

"विचारते. पण तुम्ही तिकडं, गाडीपलीकडं उभे राहा. आणि तोंड उसाकडं करा."

मग त्यांनी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, आणि प्रगती बघत राहिली. तोच प्रश्न होता, तिनं शुक्रवारी विचारलेला. पण ह्या खेपेला उत्तरं संपेचनात.

राहिलं कुलूप. गोरख म्हणाला, किल्ली भागीदाराकडं आहे, तो साताऱ्याला. हवालदार म्हणाले, तोडायला माणूस बोलवू, तासभर जाईल. गोरखचा हात खिशातल्या मोबाईलकडं सरकला. हवालदारांनी तो प्रेमानं काढून घेतला.

कमळाबाई दाराजवळ गेली होती. कुलपाकडं तिचं लक्षच नव्हतं. ती दुसऱ्या बाजूला, बिजागरीच्या बाजूला, बोटानं चाचपत होती.

"मॅडम, कुलूप तोडायचं न्हाई. दार काढलं तर चालंल का?"

"म्हणजे?"

"मोठं कपाट दारातनं जाईना की आमी दारच काढतो. रोजचंच हाय. परत बसवूनबी देतो. खिळं भायेरच्या अंगाला हायेत, बांधणाऱ्यानं उलटं बसवलंय बघा."

आरती मॅडमनी हवालदारांकडं बघितलं. हवालदारांनी आभाळाकडं बघितलं. "काढा," मॅडम म्हणाल्या. "माझ्यासमोर काढा."

हैबतीनं हातोडी आणि छिन्नी आणली. खालचा खिळा गंजलेला. त्यावर त्यानं डबीतलं ग्रीस थापलं, थांबला, ठोकलं. वरचा अलगद आला. "धरा," तो म्हणाला, आणि आठ माणसांनी ते दार जसं शुक्रवारी डॉक्टरबाईंच्या खाटा धरल्या होत्या तसं धरून बाजूला झुकवलं. कुलूप आपल्या कडीला लटकलेलं राहिलं, इमानदारीनं.

आत कोपऱ्यात ढीग होता. गाठोडी, वळकट्या, एक लहान पोराची शाळेची पिशवी, तिच्यात मोठ्या माणसाचे कपडे. कार्डं आणि मोबाईल एका पत्र्याच्या डब्यात. उजेड पडला तशी धूळ उडाली. जो तो आत वाकून गेला आणि आपलं आपलं घेऊन आला. कमळाबाईनं कुणाला हात लावू दिला नाही, हैबतीलाही नाही. "ज्याचं त्यानं," एवढंच म्हणाली.

गेनूचं गाठोडं निळ्या लुगड्याच्या वाकळेत बांधलेलं होतं. त्यानं ते छातीशी धरलं, खाली ठेवलं, गाठ तपासली. कुणी सोडलेली नव्हती. मग त्यानं ती थोपटली.

दीड वाजला असेल. माणसं जबाबाला बसली. आरती मॅडमनी सांगितलं, सुटकेचा दाखला मिळेल, गावी पोचवायची सोय होईल, तोवर राहायची व्यवस्था बघू. गोरख पोलिसांच्या गाडीत, काचेआड. आणि कमळाबाईला आता, सगळं झाल्यावर, एकदम आठवलं की भोरात निम्मा दवाखाना वरच्या मजल्यावर तसाच उभा आहे.

"बुडाले," ती म्हणाली. "बुडाले गं प्रगते. शिशाचं दार कोण उचलंल?"

हैबती खाकरला. आज त्याच्या पोटात पुन्हा एक गोष्ट होती. "म्या वाडीवर फोन केलता. तू आकडं वरडलीस तवाच वळखलं. तंबाखू मळताना."

"लग्नघरात?"

"लगीन काल लागलं की. आज नुसतं लोळत पडल्याली हुती. म्हणलं, कमळीचं नाक कापलं जातंय."

प्रगतीला गड्यांसोबत ठेवून दोघं भोरला पोचले तेव्हा बाजारपेठेत गर्दी जमली होती. वेल्ह्याहून वऱ्हाडाचा टेम्पो थेट दवाखान्यापुढं उभा होता, पुढं अजून आंब्याची डहाळी बांधलेली. हळदीनं पिवळी झालेली पोरं खाटा उतरवत होती. ठकुबाई नव्या नऊवारीचा काष्टा मारून जिन्याच्या वळणावर उभी राहून हुकूम सोडत होती. आणि रोहिदास, मुंडावळ्या काढल्या एवढंच, शिशाच्या दाराच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकाला तीन जण.

"काकी," तो घाम पुसत म्हणाला, "तारीख बदलली न्हाई ते बरं झालं. बदलली असती तर आज बोहल्यावर असतो."

त्याची नवरी हातातल्या चुड्यासकट उशा मोजून टेम्पोत लावत होती. ठकुबाई तिच्याकडं बघून कमळाबाईला म्हणाली, "हिला म्हणलं, घरी ऱ्हा. तर म्हणली, एकलीनं काय करू? सामान हलवायचंच हाय तर हितलंबी हलवते."

मैथिलीबाई वरून खाली, खालून वर करत होत्या. पांढऱ्या चादरींवर पिवळे पंजे उमटले होते. कमळाबाईच्या ते ध्यानात आलं आणि तिचा जीव गोळा झाला. "बाई, धुऊन देते सगळ्या."

"राहू द्या," मैथिलीबाई म्हणाल्या. "उद्या पूजेत हळद लागणारच आहे."

सूर्य कलायच्या आत शेवटची खाट नव्या इमारतीत टेकली. एक काच फुटली. ती रोहिदासच्या मोबाईलची.

त्यानंतर बिऱ्हाड मूव्हर्सचा एक नेम झाला. नवा माणूस कामाला आला, मग तो मुकादमाकडून येवो नाहीतर पुण्याच्या कंपनीकडून, की मुकादमाला चहाला लांब बसवायचं आणि कमळाबाईनं माणसाला एकट्याला विचारायचं, "तुझं गाठोडं कुठंय? आत्ता जाऊन आणशील का?" जो उठून आणतो तो कामाला. जो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघतो त्याच्यासाठी प्रगती फोन हातात घेऊन उभी. खोके पुरवणाऱ्याच्या शेडवरसुद्धा कमळाबाई एकदा जाऊन आली, पुठ्ठ्याचा भाव विचारायच्या निमित्तानं. भाव तिनं विचारलाच नाही, नुसती खुंट्यांवरच्या पिशव्या बघून आली.

पण ते पुढचं. त्या शनिवारी संध्याकाळी आठही जण कामथडीच्या शेडमध्ये गाठोडी जवळ घेऊन बसले होते. शेडचं फाटक सताड उघडं होतं. हैबतीनं ते मुद्दाम दगड लावून ठेवलं होतं. गेनूचा मोबाईल टेम्पोच्या चार्जरवर जिवंत झाला. त्यानं घरी लावला, पलीकडून आवाज आला. त्यानं फोन कमळाबाईच्या हातात दिला.

"कोण बोलतंय?" पलीकडं बाई घाबरली होती. "त्यांचा फोन तुमच्याकडं कसा?"

"बाई, म्या कामथडीची कमळाबाई. आमी सामान हलवतो. तुझ्या नवऱ्याचं गाठोडं हलवलं."

"आगं बया. कुठं हलवलं?"

"त्याच्या हातात दिलं. हे काय, मांडीवर घिऊन बसलाय. निळ्या लुगड्याची वाकळ बी हाय. एकबी टाका उसवला न्हाई."

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला. "म्या येते," ती बाई म्हणाली. "कुनी पोचवायची वाट बघत न्हाई म्या. आमी चौघीजणी निघतो. सकाळची गाडी हाय."

"ये," कमळाबाई म्हणाली. "म्या दोन दिस वाटच बघतीया."

फोन ठेवून तिनं चुलीकडं तोंड केलं. "प्रगते, भाकरी जास्त टाक. मागचं बिऱ्हाड निघालंय."

हैबती पाटावर सरसावून बसत होता. तो पुन्हा सरळ झाला.

"आन् तुमी," कमळाबाई त्याच्याकडं न बघताच म्हणाली, "फडक्याला हात लावू नका."